चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

शाळेच्या प्रयोगशाळेत चुन्याच्या निवळीत काचनळीने फुंकर घालण्याचा प्रयोग बहुतेकांनी केलेला असतो. निवळी दुधाळ झाली की उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असल्याचे सिद्ध होते आणि वहीतले पान उलटले जाते. हीच निवळी पुढे कधी दिवाणखान्यातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाला उपयोगी पडेल, असे मात्र त्या वयात कुणाच्या स्वप्नातही येत नाही. जर्मन भाषेत तिला ‘काल्कवासर’ म्हणतात. शब्दशः अर्थ चुन्याचे पाणी. पीटर विल्केन्स यांच्यासारख्या जाणकारांनी १९७० च्या दशकात घरगुती मत्स्यालयांसाठी तिचा पुरस्कार केला आणि प्रवाळ घरात जगवता येतात, हा विश्वास युरोपातील हौशी मंडळींना आला तो बऱ्याच अंशी या साध्या द्रावणामुळे.

आज मत्स्यालयाच्या दुकानात पाऊल टाकले की खाऱ्या पाण्यासाठीच्या आयात बाटल्यांची रांगच दिसते. कॅल्शियम वाढविणारी एक, ‘बफर’ नावाची दुसरी, मॅग्नेशियमची तिसरी, शिवाय आयोडीन, स्ट्रॉन्शियम आणि सूक्ष्म द्रव्यांच्या वेगळ्या. टाकी, पंप, दिवे आणि कृत्रिम समुद्रमीठ यांवर आधीच भरपूर खर्च केलेला ग्राहक या बाटल्या दर महिन्याला नेत राहतो. वस्तुतः यांपैकी मुख्य बाटल्यांत जे असते, ते किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात किंवा मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटसारख्या रसायनांच्या बाजारपेठेत किलोच्या भावाने मिळते. खाण्याचा सोडा, कॅल्शियम क्लोराइड, एप्सम सॉल्ट आणि चुना हे ते चार पदार्थ. यांत गुपित काही नाही. तरीही स्वस्तातील या पुड्यांनी टाकीतील सारे मासे एका रात्रीत मेल्याच्या कहाण्या हौशी वर्तुळात ऐकू येतात, आणि दोष पुडीतील पदार्थाचा क्वचितच असतो. न मोजता ओतणाऱ्या हाताचा तो असतो.

हे समजण्यासाठी आधी समुद्राचे पाणी समजून घ्यावे लागते. ब्रिटिशांच्या ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या महासागरांतून पाण्याचे नमुने गोळा केले. विल्यम डिटमार यांनी त्यांतील ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खारटपणा कुठे कमी, कुठे जास्त असला तरी त्यातील प्रमुख क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळपास सर्वत्र सारखेच असते, हे त्यातून पक्के झाले. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात कॅल्शियम दशलक्षात सुमारे ४२० भाग, तर मॅग्नेशियम सुमारे १,३०० भाग असते. तिसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे अल्कलिनिटी, अर्थात आम्ल पचवून स्वतःचा सामू टिकवून धरण्याची पाण्याची ताकद. समुद्रात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे येते आणि मत्स्यालयाच्या व्यवहारात ती जर्मन अंशांत मोजली जाते. समुद्राच्या पाण्यात ती सात अंशांच्या आसपास असते.

महासागर एवढा अफाट की त्यातील प्राण्यांनी कितीही कॅल्शियम उचलले तरी त्याचा हिशेब बिघडत नाही. दोनशे लिटरच्या टाकीला ही चैन परवडत नाही. प्रवाळ, शंख, नळकृमी आणि दगडांवर गुलाबी थर धरणारे शैवाल हे सारे पाण्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन त्याची चुनखडी करतात. या व्यवहाराचा हिशेब ठरलेला आहे. कॅल्शियम दशलक्षात २० भागांनी घटते, तेव्हा अल्कलिनिटी २.८ अंशांनी उतरते. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या आकड्यांतच साऱ्या विषयाची किल्ली आहे. ४२० मधून २० गेले तर पाच टक्केही उणे होत नाहीत, सातमधून २.८ गेले तर ४० टक्के भांडवल संपते. म्हणजे टाकी आधी कंगाल होते ती अल्कलिनिटीच्या बाबतीत. नवखा हौशी मात्र ‘प्रवाळाला कॅल्शियम लागते’ एवढेच ऐकून कॅल्शियमची बाटली ओतत राहतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर, सोबतीला बायकार्बोनेट नाही, अशी अवस्था होते आणि वाढ खुंटते. मग तो त्याहून महाग बाटली आणतो.

माशांच्या टाकीत प्रवाळ नसले तरी अल्कलिनिटी उतरतेच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या नत्रीकरणात आम्ल निर्माण होते आणि ते पचविताना बायकार्बोनेट खर्ची पडते. इथे कॅल्शियमचा संबंध येत नाही.

भारतातील वाचकाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे चुनखडीचा सांगाडा रचणारे प्रवाळ घरी ठेवण्याचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. ते समुद्रातून काढणे वा विकणे म्हणजे वाघाइतकेच संरक्षण असलेल्या प्राण्याशी खेळणे होय. मालवणच्या समुद्रात किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेस खोल समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर ते पाहावेत, घरी आणू नयेत. दुकानदार ‘चालते हो’ म्हणाला म्हणून कायदा बदलत नाही. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मासे, कोळंबी आणि काही गोगलगायी एवढाच संसार असलेल्या टाकीला कॅल्शियमच्या महागड्या बाटलीची गरज बहुधा नसतेच. दर पंधरवड्याला थोडे पाणी बदलले आणि लागेल तसा खाण्याचा सोडा दिला की तिचे भागते. अमेरिकेत वा युरोपात, जिथे मत्स्यालयातच वाढविलेल्या प्रवाळांचे तुकडे रीतसर विकले जातात, तिथे राहणाऱ्या मराठी हौशींची गोष्ट वेगळी. त्यांना पुढची सारी आकडेमोड लागेल.

या आकडेमोडीला शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने दोघांकडे जाते. जर्मनीत हान्स-वेर्नर बालिंग यांनी कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा वेगवेगळा देण्याची पद्धत १९९० च्या दशकात मांडली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम केलेले अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी २००६ मध्ये घरी बनविता येणाऱ्या दोन द्रावणांची सुधारित कृती प्रसिद्ध केली. त्यांनी वापरलेले कॅल्शियम क्लोराइड म्हणजे हिवाळ्यात घरासमोरच्या वाटेवरील बर्फ वितळविण्यासाठी अमेरिकन माणूस पोत्याने आणतो तेच. प्रयोगशाळेतील शुद्ध रसायन परवडत नाही, म्हणून बर्फावर टाकायचे मीठ प्रवाळांना देणे ही कल्पनाच अनेकांना तेव्हा धाडसी वाटली होती.

त्यांच्या सौम्य कृतीचे माप लिटरमध्ये असे बसते. एका लिटर द्रावणात सुमारे ६६ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. दुसऱ्या लिटरभर द्रावणात सुमारे ७८ ग्रॅम खाण्याचा सोडा. दोन्ही द्रावणे सारख्याच मापाने द्यायची. दोनशे लिटर पाण्यात प्रत्येकी ७५ मिलिलिटर दिले की अल्कलिनिटी सुमारे एक अंशाने आणि कॅल्शियम सुमारे सात भागांनी वाढते, म्हणजे प्राणी ज्या प्रमाणात खर्च करतात त्याच प्रमाणात भरपाई होते. मात्र दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी ओतायची नाहीत. एकत्र आली की तिथल्या तिथे पांढरा साका धरतो आणि ज्यासाठी खटाटोप केला ती दोन्ही द्रव्ये वाया जातात. पंपाच्या वेगवान प्रवाहात, मध्ये काही मिनिटांचे अंतर ठेवून ती द्यावीत.

घटलेला साठा एकदाच भरून काढायचा असेल तर हिशेब वेगळा. दोनशे लिटर पाण्याची अल्कलिनिटी एक अंशाने वाढवायला अवघा सहा ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. कॅल्शियम ३८० वरून ४२० वर न्यायला सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट लागेल. हे आकडे पाण्याच्या खऱ्या मापावर आधारलेले हवेत. टाकीवर दोनशे लिटर लिहिलेले असले तरी वाळू आणि दगड वजा जाता पाणी बरेच कमी भरते. शिवाय एका दिवसात एका अंशाहून अधिक अल्कलिनिटी चढवू नये. घाई इथे उपयोगाची नाही.

खाण्याच्या सोड्याच्या जागी बेकिंग पावडर कदापि वापरू नये. तिच्यात आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असते. डब्यावर केवळ ‘सोडियम बायकार्बोनेट’ असे हवे. आता हाच सोडा ओव्हनमध्ये पसरट स्टीलच्या ताटात १५० अंश सेल्सिअसला तासभर तापविला, तर त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन सुमारे ३७ टक्क्यांनी घटते आणि उरतो तो धुण्याचा सोडा. तो पाण्याचा सामू वर नेतो. न तापविलेला सोडा देताक्षणी सामू किंचित खाली आणतो. बाजारातील कपडे धुण्याचा सोडा मात्र टाळावा, कारण त्यात काय काय मिसळले आहे याची खात्री नसते.

सामूबद्दल आणखी एक गैरसमज शहरी घरांत फार आढळतो. खिडक्या बंद, वातानुकूलन यंत्र चालू आणि खोलीत चार माणसे, अशा वेळी हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो पाण्यात विरघळतो आणि सामू घसरतो. अल्कलिनिटी व्यवस्थित असूनही घरमालक ‘पीएच कमी’ म्हणून बफर ओततो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओततो आणि आठवडाभरात अल्कलिनिटी पंधरावर जाऊन बसते. पुढे केव्हातरी साऱ्या पाण्यात पांढरे कण भुरभुरू लागतात. पंप आणि हीटर यांच्यावर चुनखडीची पुटे चढतात. अशा टाकीवरचा पहिला उपाय फुकटचा आहे. खिडकी उघडावी.

समुद्राच्या पाण्यात चुनखडी होण्याइतके कॅल्शियम आणि कार्बोनेट नेहमीच शिगोशिग असते. तरी ते एरवी भुरभुरत नाही, याचे कारण मॅग्नेशियम. चुनखडीच्या कोवळ्या स्फटिकावर ते चिकटते आणि त्याची वाढ रोखते. म्हणून कितीही सोडा आणि क्लोराइड देऊनही आकडे वर जात नसतील, तर मॅग्नेशियम तपासावे. ते वाढविणे वजनाच्या दृष्टीने भारी काम आहे. दोनशे लिटरला शंभर भागांनी वाढवायचे तर सुमारे २०० ग्रॅम एप्सम सॉल्ट किंवा सुमारे १६५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट लागते. एकट्या एप्सम सॉल्टवर विसंबले तर सल्फेट साचत जाते, म्हणून दोन्हींचे मिश्रण बरे. मॅग्नेशियम क्लोराइड आपल्याकडे मिठागरातील मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यापासून बनते. कच्छच्या छोट्या रणातील खाराघोडा त्यासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे समुद्रातून निघालेलेच पुन्हा काचेतल्या समुद्रात जाते. द्राक्षबागायतदार वापरतात ते खताच्या दर्जाचे मॅग्नेशियम सल्फेट सर्वांत स्वस्त खरे, पण त्यात इतर खतांचे अंश असू शकतात. चार पैसे जास्त गेले तरी औषधी किंवा खाद्य दर्जाचे घ्यावे.

आता पुन्हा चुन्याकडे. त्याचे वैशिष्ट्य असे की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकाच द्रावणातून, योग्य त्या प्रमाणात मिळतात आणि मागे सोडियम वा क्लोराइड शिल्लक राहत नाही. दोन द्रावणांच्या पद्धतीत शेवटी साधे मीठ उरते आणि खारटपणा हळूहळू चढतो. तिथे हायड्रोमीटर वा रिफ्रॅक्टोमीटर हाताशी ठेवावा लागतो. चुन्यात ती कटकट नाही. लिटरभर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅम विरलेला चुना विरघळतो. झाकून ठेवला की गाळ तळाला बसतो, वर निवळी राहते आणि पुष्कळशा अशुद्धी गाळातच अडकतात. बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागी ही निवळी, शक्यतो रात्री, थेंबाथेंबाने सोडायची. दोनशे लिटरच्या टाकीत रोज दोन लिटर गेली तर कॅल्शियममध्ये सुमारे आठ भागांची भर पडते.

मेख इथेच आहे. जेवढे पाणी उडेल तेवढीच निवळी देता येते. पुण्याच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी भराभर उडते. मुंबईच्या जुलैत हवा इतकी दमट की टाकीची पातळी मुश्किलीने हलते. प्रवाळांची भूक मात्र ऋतू पाहून कमी होत नाही. तेव्हा पावसाळ्यात सोड्याच्या द्रावणाची जोड द्यावीच लागते. पानवाल्याकडचा ओला चुनाही रसायनदृष्ट्या तोच, पण त्यात सुगंध वा अन्य काही मिसळले आहे की नाही हे सांगता येत नाही; शुद्ध पूड घेणे श्रेयस्कर. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळी फुटावी इतका तापतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. निवळीचा सामू १२.४ पर्यंत असतो. डोळ्यांत थेंब गेला तर गंभीर इजा होऊ शकते. आणि निवळी सोडणारा पंप अडकून रात्रभर चालू राहिला, तर सकाळी दुधाळ पाणी आणि तरंगणारे मासे पाहायला मिळतात. म्हणून एका वेळी एका दिवसाच्या मापाहून अधिक निवळी पंपाच्या भांड्यात भरूच नये, ही सावधगिरी कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा भरवशाची.

नायट्रेट आणि फॉस्फेट कमी करण्यासाठी व्होडका वा व्हिनेगरचे थेंब देण्याची प्रथाही स्वस्त रसायनांच्या यादीत मोडते. त्यातील कार्बनवर जिवाणू पोसले जातात, वाढताना ते नायट्रेट आणि फॉस्फेट उचलतात आणि फेस काढणारे प्रोटीन स्किमर त्यांना बाहेर टाकते. तत्त्व बरोबर आहे. पण मात्रा थोडी चढली की जिवाणूंचा पूर येतो, पाणी गढूळ होते आणि प्राणवायू घटून मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकू लागतात. वर्षभर टाकी स्थिर ठेवल्याशिवाय आणि चांगला स्किमर असल्याशिवाय या वाटेने कुणी जाऊ नये. आयोडीन आणि स्ट्रॉन्शियमच्या बाटल्यांबाबत तर नियम सोपा ठेवावा: जे मोजता येत नाही, ते ओतू नये.

काटकसरीलाही सीमा आहे. समुद्रमीठ घरी बनविण्याचा उद्योग परवडत नाही, स्वयंपाकाच्या मिठाने तर समुद्र होतच नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणलेले पाणी सांडपाण्यामुळे भरवशाचे राहत नाही. पाण्याच्या बाबतीत आरओ यंत्राचे पाणी चांगले, मात्र चवीसाठी पुन्हा क्षार मिसळणारा भाग त्यात असेल तर तो बंद हवा. नळाचेच पाणी वापरावे लागले तर क्लोरिन घालविण्यासाठी जुन्या छायाचित्रकारांच्या परिचयाचा ‘हायपो’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वीस लिटरच्या बादलीला चिमूटभर पुरतो. वाचलेल्या पैशातून अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची चांगली टेस्ट किट आणि ग्रॅमच्या दशांशापर्यंत वजन दाखविणारा छोटा काटा आणावा. आठवडाभर काहीही न देता रोज ठरावीक वेळी अल्कलिनिटी मोजली, की आपली टाकी दिवसाला किती खाते हे कळते. मात्रा त्यावरून ठरवावी, शेजाऱ्याच्या टाकीवरून नव्हे.

कॅल्शियम क्लोराइड खरेदी करताना पाकिटावरील शब्द वाचावेत. डायहायड्रेटमध्ये कॅल्शियम २७ टक्के, तर निर्जल प्रकारात ३६ टक्के असते, त्यामुळे निर्जल असेल तर वर दिलेल्या वजनाचे तीन चतुर्थांशच घ्यावे. विरघळताना ते चांगलेच तापते. रसायन पाण्यात थोडे थोडे टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. हवेतील ओलावा ते इतके शोषते की पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या बरणीत पंधरा दिवसांत पाणीच दिसते आणि मग वजनाचे सारे माप फसते. घट्ट झाकणाच्या बरण्या, प्रत्येकीवर ठळक चिठ्ठी आणि स्वयंपाकघरापासून दूरचे कपाट हवे. खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, चुना आणि एप्सम सॉल्ट दिसायला सारखेच पांढरे असतात आणि ढोकळा करणाऱ्याला ते ठाऊक नसते.